पुसायचंच आहे

२ फेब्रुवारी

आमच्या ध्वनिमुद्रकांच्या संघटनेच्या चिटणिसांचं पत्र आलं. महिनाअखेरीला नव्या मुलांपुढे तासभर बोलायचंय. विषय: 'स्वतःच्या बळावर तीस वर्षं'. सोबत मानपत्र आणि चषक. आमच्या धंद्यात चषक देतात तो 'आता घरी बसा' हे सभ्यपणे सांगण्यासाठी. तरी मी हो म्हटलं. नाही म्हणायची सवय असती तर हा धंदा तीस वर्षं चाललाच नसता.

म्हणून ही वही. सुचेल तसं लिहीत जाईन, महिनाभरात भाषण तयार.

तर मुलांनो, आधी जागेचं बोलू. स्टुडिओ म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर मंद दिवे आणि चामड्याचे सोफे येतात. माझा स्टुडिओ टायरवाल्याच्या दुकानामागे आहे. दोन खोल्या. गाणाऱ्याच्या खोलीत भिंतींना जुने गालिचे ठोकलेत, खिडकीत गादी कोंबली आहे, आणि मधल्या भिंतीला दुहेरी काच. टायरवाल्याचा हवेचा पंप सुरू झाला की आम्ही गाणं थांबवतो, आणि तो जेवायला गेला की घाईघाईनं सगळ्या हळुवार ओळी उरकून घेतो. लोक ज्यावर डोळे पुसतात ती निम्मी विरहगीतं टायरवाल्याच्या जेवणाच्या सुट्टीत गायली गेली आहेत.

दुसरं म्हणजे माणसं कमी ठेवा. माझ्याकडे पगारी माणूस एकही नाही. यंत्रं मी बघतो, गाणी मी बसवून घेतो, गायकांशी गोड मी बोलतो. डमी तेवढी ही गाते. ही म्हणजे आमची ही. डमी म्हणजे काय ते मुलांना समजावून सांगावं लागेल. मोठ्या गायिकेला चाल शिकत बसायला वेळ नसतो, म्हणून आधी दुसऱ्या कुणाकडून गाणं गाऊन घ्यायचं. मग गायिका येते आणि हेडफोनमध्ये ते ऐकत ऐकत आपलं गाते. तिचं झालं की डमी पुसून टाकायची. आमची ही हातातलं काम ठेवून येते, अर्ध्या तासात गाऊन परत जाते. घर स्टुडिओच्या वरच्याच मजल्यावर असल्याचा हा फायदा.

डमी पुसण्याच्या बाबतीत मी कडक आहे. सुरुवातीच्या काळात एका गाण्यात डमीच्या दोन ओळी चुकून तशाच राहिल्या आणि कॅसेटी छापून झाल्या. मी धावाधाव करून सगळ्या परत मागवल्या, नष्ट केल्या. तोवर दोनशे लोकांनी ऐकल्या होत्या आणि एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. श्रोत्यांचे कान हे असे!

५ फेब्रुवारी

महाराणी येऊन गेल्या. नाव लिहीत नाही; वही कुणाच्या हाती लागली तर पंचाईत. अकरा वर्षं त्यांचं प्रत्येक गाणं माझ्याकडेच होतं. आता नवा संच आहे, सहा गाण्यांचा, तिसरं आज झालं. येताना स्वतःचा थर्मास, स्वतःचा टॉवेल आणि स्वतःची खुर्ची घेऊन येतात. फक्त गाणं तेवढं आमच्याकडून न्यायचं.

गाताना एकच धोशा: "डमी जरा मोठी करा." केली. "आणखी." केली. हेडफोनमधून बाहेर गळायला लागेल इतकी मोठी केली तेव्हा कुठे बाई समाधान पावल्या. डमीत जिथे श्वास तिथे यांचा श्वास. डमीत शब्द हलकेच सोडला असेल तर यांचाही तिथेच हलकेच सुटणार. स्वतःची अक्कल म्हणून वापरायची नाही. सगळं मलाच बसवून घ्यावं लागतं.

डमी मात्र आज वाईट झाली होती. वरच्या सुरांत हिचा आवाज तीनदा फाटला. काचेतून खूण केली, मग बटण दाबून विचारलं, "अगं, लक्ष कुठंय तुझं?"

"घसा धरलाय हो. तीन महिने झाले."

तीन महिने घसा धरतो होय कुणाचा? गरम पाणी पी म्हटलं. यापलीकडची वैद्यकी मला येत नाही.

९ फेब्रुवारी

रविवारच्या पुरवणीत माझ्यावर अर्धं पान आलंय. फोटोत मी वीस वर्षांनी लहान आहे, म्हणजे फोटो वीस वर्षांपूर्वीचाच आहे. लेखकानं अभ्यास केलेला दिसतो. म्हणतो, यांच्या कामाची खूण म्हणजे शेवटच्या शब्दाआधीचा तो क्षणभराचा थांबा. ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो. उदाहरण दिलंय ते माझ्या पहिल्या गाजलेल्या गाण्याचं. त्या गाण्यावर माझा धंदा उभा राहिला. तो थांबा मला कसा सुचला ते आता आठवत नाही. अशा गोष्टी आतून येतात, शिकवता येत नाहीत. हे वाक्य भाषणात घ्यावं.

हिला सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. थांब्यापर्यंत गप्प ऐकत होती, तिथे आल्यावर जी हसत सुटली ती खोकला लागेपर्यंत.

"काय झालं?"

"काही नाही. छान लिहिलंय."

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते उगीच नाही.

१३ फेब्रुवारी

लेकीचा व्हिडिओ कॉल. ती दुसऱ्या शहरात वकिली करते, त्यामुळे ख्यालीखुशाली विचारली तरी ती उलटतपासणी वाटते.

"आई, मान वर कर. आता डावीकडे. ती गाठ कधीपासून आहे?"

"असेल दोन-तीन महिने," ही म्हणाली, जणू भिंतीवरच्या ओलीबद्दल सांगतेय.

"बाबा, तुम्हाला दिसली नाही?"

मी सांगितलं, ती काचेच्या त्या बाजूला गाते, मी या बाजूला असतो आणि माझं लक्ष मीटरच्या काट्यांवर असतं. यावर लेक काहीच बोलली नाही. वकील गप्प बसला की समजावं, मुद्दा त्यानं टिपून ठेवलाय.

१८ फेब्रुवारी

तपासण्या झाल्या. आज सर्जनकडे गेलो. टेबलावर प्लास्टिकचा गळा होता, डब्याच्या झाकणासारखा उघडणारा. गळ्यातल्या ग्रंथीला गाठ आहे, काढावीच लागेल. दोन मार्चची तारीख दिली. ग्रंथीच्या मागून आवाजाच्या नसा जातात, एक जाडसर आणि एक केसासारखी बारीक. सर्जननी पेन्सिलीचं टोक लावून दोन्ही दाखवल्या.

"जाड नस सांभाळायचीच असते, म्हणजे बोलण्याचं भय नाही. बारीक नस वरच्या सुरांची. ती सांभाळणं जिकिरीचं असतं. या गातात का?"

"छे, छे," मी म्हटलं. "गात वगैरे नाहीत. घरीच असतात."

सर्जननी तसं लिहून घेतलं. हिनं पर्सची चेन लावली, उघडली, परत लावली.

येताना गाडीत अवाक्षर नाही. घाबरली असणार. मी म्हटलं, "भितेस कशाला? बोलता येणार म्हणालेत ना." तर खिडकीबाहेर बघत बसली. आजारी माणसाचं मन सांभाळणं म्हणजे तारेवरची कसरत आहे. उद्या महाराणींचं चौथं गाणं, सकाळी डमी उरकून टाकू असं म्हटलं तेही ऐकलं की नाही, देव जाणे.

१९ फेब्रुवारी

हिनं डमी गायला नकार दिला. तीस वर्षांत पहिल्यांदाच. कारण विचारलं तर म्हणाली, "मी गात नाही." आराम हवा असेल तर तसं सांगावं माणसानं. हे काय बोलणं झालं?

ऐनवेळी ओळखीतल्या गायन शिक्षिकेला बोलावलं. चोख बाई, सूर इकडचा तिकडे नाही. दुपारी महाराणींनी ती डमी ऐकून गाणं म्हटलं ते किराणा मालाची यादी वाचावी तसं. मी माईक बदलला. वायर बदलली. गालिचा सरकवला. टायरवाल्याला पंप बंद ठेवायला सांगून आलो. यादी ती यादीच. शेवटी महाराणींनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"ताई कुठायत?"

"तिला बरं नाहीये."

"मग त्या बऱ्या झाल्या की करू."

"बाई, डमी कुणीही गायली तरी चाल तीच असते."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुम्ही खरंच असं समजता? अहो, अकरा वर्षं मी त्यांचं गाणं गातेय. श्वास त्यांचा, शब्द टाकणं त्यांचं. लोक विचारतात, एवढा भाव कुठून आणता? मी म्हणते, देवाची कृपा. हेडफोनमधून येतो म्हणून सांगू का?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मग मी आजाराचं सांगितलं. गळ्याची शस्त्रक्रिया म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. बराच वेळ त्या थर्मासचं झाकण फिरवत बसल्या.

"त्यांच्या सगळ्या डमी जपून ठेवल्यात ना तुम्ही?"

मी हो म्हटलं.

२१ फेब्रुवारी

दोन दिवस शोधतोय. कपाटं, टेपा, हार्ड डिस्का, सगळं उपसलं. माझी शिस्त मात्र वाखाणण्यासारखी आहे! सहाशेच्या वर गाणी, प्रत्येक डब्यावर तारीख, वादकांची नावं, कोरसमधल्या चौथ्या बाईचंसुद्धा नाव. हिचं नाव कुठेही नाही आणि आवाजही कुठे नाही. सगळं पुसलेलं आहे, व्यवस्थित, माझ्याच हातानं. घरातले जुने व्हिडिओ लावून पाहिले. लेकीचे वाढदिवस, सहली, शाळेतलं नाटक. सगळ्यात आम्ही आहोत आणि ही नाही, कारण कॅमेरा हिच्या हातात.

दुपारी डोकं जरा चाललं. गायिका दोन ओळींच्या मध्ये थांबते तेव्हा तिच्या हेडफोनमधला आवाज गळून तिच्याच माईकमध्ये शिरतो. ती गळती साफ करणं हे माझं काम, आणि त्यात माझा हात धरणारा कुणी नाही. पण साफ न केलेली मूळ मुद्रणं मी ठेवून देतो. ती काढली आणि आज उलटं काम केलं. महाराणींचं गाणं सगळं काढून टाकलं, फक्त मधल्या रिकाम्या जागा ठेवल्या, आणि आवाज वाढवत नेला.

ही ऐकू आली. शेजारच्या घरात कुणी गात असावं तशी. दोन शब्द, मग तुटलं. पुढच्या रिकाम्या जागेत अर्धी ओळ. मी आवाज पार टोकाला नेला. नुसती खरखर, त्यात लांबवर टायरवाल्याचा पंप, आणि त्यात ही. मी गेली तीस वर्षं गायक ऐकून पोट भरतोय. चांगलं कशाला म्हणतात ते मला कळतं. ही चांगली गात नव्हती. ही जीव ओतून गात होती, संध्याकाळपर्यंत पुसलं जाणार हे पक्कं माहीत असलेल्या गाण्यात. मला माझी लाज वाटली.

गाणं संपल्यावर, अगदी शेवटी, पुरुषाचा आवाज आला. तिच्या खोलीतल्या लहान स्पीकरवरून बोललेला, तिच्या माईकनं टिपलेला, मग डमीबरोबर महाराणींच्या कानापर्यंत गेलेला. माझाच.

"चालेल. पुसायचंच आहे."

दुसरं गाणं लावलं. त्यातही मी. दिवसभरात नऊ गाणी ऐकली. त्यातल्या सहांच्या शेवटी मी आहे, आणि सहाही वेळा तेच वाक्य. कुठे एक शब्द जास्त नाही.

२२ फेब्रुवारी

सकाळी एकटाच सर्जनकडे गेलो. वेळ घेतली नव्हती, दीड तास बाहेर बसलो. आत गेल्यावर बसलोही नाही, उभ्यानंच सांगितलं, "डॉक्टर, त्या दिवशी मी चुकीचं बोललो. माझी बायको गाते."

त्यांनी कागद चाळले. "हो, लिहिलंय इथं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी फोन केला होता. बारीक नस शोधायला आपण वेगळं यंत्र लावणार आहोत, त्यामुळे वेळ जास्त लागेल. तरी खात्री देता येत नाही, तेही त्यांना सांगितलंय." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "किती वर्षं गाताय विचारलं, तर बत्तीस म्हणाल्या. तुम्हाला माहीत नव्हतं?"

वरातीमागून घोडं म्हणतात ते असं. एवढा मोठा पराक्रम गाजवायला निघालो होतो आणि हिनं एका फोनमध्ये तो आधीच उरकला होता. मला सांगितलंही नाही. सांगायचं तरी कुणाला? गात नाहीत म्हणून सांगणाऱ्याला?

घरी येऊन चिटणिसांना कळवलं, भाषण जमणार नाही, घरात आजारपण आहे. तीस वर्षांचं गुपित मलाच काल कळलंय, आठवड्यात भाषण कसं बसवू, हे त्यांना लिहिलं नाही. आणि विषयात 'स्वतःच्या बळावर' आहे. तो भाग तर आता साफच गळला.

२४ फेब्रुवारी

आज धीर केला. ही धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. माझ्या नेहमीच्या तोऱ्यात म्हटलं, "शस्त्रक्रियेआधी एक गाणं रेकॉर्ड करून ठेवू. असावं जवळ."

"कशासाठी?"

"काही झालं तर."

"काही झालं तर कुणाला लागणार आहे? महाराणींना?"

"मला."

"तुम्हाला कशाला? तुम्हीच सांगितलंत की, गात वगैरे नाहीत."

मग मी सगळं सांगून टाकलं. शोधलं ते, काही सापडलं नाही ते, गळतीतून ती ऐकू आली ते. वाटलं, विरघळेल. तिनं एका उशीच्या अभ्र्याची नीट चौकोनी घडी घातली.

"म्हणजे भिंतीला कान लावल्यावर ऐकू आले मी. समोर गात होते तेव्हा काय करत होतात?"

मीटरचे काटे बघत होतो. हे उत्तर मी लेकीला दिलं होतं, हिला द्यायची हिंमत झाली नाही. "चुकलो" म्हटलं. गायकांची मनधरणी करताना हा शब्द मी दिवसातून दहादा वापरतो, हिच्यासमोर नीट उच्चारताही येईना. डोळ्यांत पाणी आलं तेही अवघडल्यासारखं.

"तुम्हाला वाईट वाटतंय ते माझा आवाज जाईल म्हणून, की तुमच्याकडे त्याची प्रत नाही म्हणून?" तिनं विचारलं.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला यातला फरक सांगता आला नाही. 

"चादरीचं ते टोक धरा," ती म्हणाली. धरलं. हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

२७ फेब्रुवारी

सकाळी दहाला आपणहून खाली आली. हातात पाण्याचा तांब्या, गळ्याला मफलर.

"कुठलं गाणं?" मी विचारलं.

"तुमचं ते. पेपरातलं."

माझं पहिलं गाजलेलं गाणं. मी कीबोर्डवर सूर धरला. तिनं मान हलवली. "ही ते गाणं गायलेल्या बाईंची पट्टी झाली."

"मग तुझी कुठली?"

विचारलं आणि जीभ चावली. या धंद्यात गायकाचं नाव विसरलं तर चालतं, पट्टी विसरून चालत नाही. सहाशे गाण्यांच्या गायकांच्या पट्ट्या मला तोंडपाठ आहेत. जिनं ती सगळी गाणी आधी गायली तिची मला माहीत नव्हती.

"मला तरी कुठं माहितीय?" ती म्हणाली. "कायम दुसऱ्यांच्याच पट्टीत गायले. बघू या आता."

मग आम्ही बघितलं. पांढरी सहा, तिथे आवाज फाटला. काळी चार, ताण पडला. पांढरी पाच, बरं. काळी तीन, अजून बरं. पांढरी चारला तिनं डोळे मिटले आणि मी बोट तिथेच ठेवलं. घोगरा झालेला आवाज त्या सुरावर आल्यावर घरी आल्यासारखा बसला. तिच्या पट्टीत तिला मी आज पहिल्यांदा ऐकत होतो, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी.

मी यंत्रांकडे वळलो तर ती आधीच माझ्या खुर्चीत बसली होती. "आधी तुम्ही गा."

"मी?"

"मला डमी नको का?"

गेलो. हेडफोन चढवला. माझा आवाज टायरवाल्याच्या पंपालाही मान खाली घालायला लावेल असा आहे. कसंबसं एक कडवं ओढलं. शेवटची ओळ संपली आणि स्पीकरमधून हिचा आवाज आला.

"चालेल. पुसायचंच आहे."

काचेतून बघितलं. ती मीटरकडे बघत होती, अगदी माझ्यासारखी. ते वाक्य मी आठवड्यापूर्वी सहादा ऐकलंय हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. तिला ते माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकून पाठ होतं.

मग जागा बदलल्या आणि ती गायली. सलग, एकदाच. मधे पंप वाजला, तरी थांबली नाही, मीही थांबवलं नाही. शेवटच्या ओळीला मी थांब्याची वाट बघत होतो, तो आलाच नाही. ती सरळ शेवटच्या शब्दापर्यंत गेली आणि तिथे निवांत टेकली.

"थांबा?" मी विचारलं.

"तो थांबा नव्हता हो, दम होता. त्या बाईंची पट्टी एवढी वर की शेवटच्या शब्दापर्यंत मला श्वासच पुरायचा नाही. मधे थांबून घेतला. त्या बाईंनी तसाच उचलला. पुढे तुमच्यावर लेख आला."

एवढं बोलून ती काचेपलीकडे उभी राहिली, हेडफोन कानांवरच ठेवून. वाट बघत होती. मी बटण दाबलं. तीस वर्षं त्या बटणामागून जे वाक्य निघालं तेच जिभेवर आलं. 'चा' एवढं निघालंही, बाकीचं गिळलं. आणि त्याच्या जागी दुसरं काही येईना. महाराणींसमोर मी तासभर कौतुक करू शकतो, न अडखळता. हिच्यासमोर बटण दाबून नुसता बसून राहिलो. थोड्या वेळानं तिनं हेडफोन काढला, तांब्या उचलला आणि वर गेली.

३ मार्च

काल शस्त्रक्रिया झाली. पाच तास. गाठ साधी आहे, भीतीचं कारण नाही. जाड नस शाबूत आहे. बारीक नस सर्जनना सापडली, पण ती गाठीला घट्ट चिकटलेली होती. सोडवताना वाचली नाही. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं: बोलतील, खाली गुणगुणतील, वरचं आता येणार नाही.

शुद्धीवर आल्यावर तिनं लेकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. काय ते तिला कळलं. मी बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि हमसून हमसून रडलो. लेक येऊन शेजारी बसली. आज एकही प्रश्न विचारला नाही तिनं.

१६ मार्च

आवाज परत आलाय, पण तो वेगळा आहे. जाडसर, सपाट. दिवसाला मोजकंच बोलायची परवानगी आहे. भाजीवाल्याशी खुणांनी भांडते आणि जिंकते.

सकाळी म्हणाली, "ते ऐकायचंय."

खाली आलो. तिला माझ्या खुर्चीत बसवलं, गाणं लावून दिलं. तिनं हातानं मला बाहेर जायची खूण केली. मी दुकानापाशी जाऊन उभा राहिलो. टायरवाल्यानं पंप बंद केला आणि विचारलं, "वहिनी कशा आहेत?" बऱ्या आहेत म्हटलं. गाणं साडेचार मिनिटांचं आहे, ती पाऊण तास आत होती.

मला गाणाऱ्यांची एक खोड ठाऊक आहे. स्वतःचं ऐकून बाहेर आले की दारातच विचारतात, कसं झालं? उत्तर मी तयार ठेवलं होतं. सत्तावीस तारखेपासून मनात घोकत होतो. पुन्हा बटण दाबून मुका बसायचं नाही, एवढं ठरवलं होतं.

ती बाहेर आली. डोळे लाल होते. मला काहीच विचारलं नाही. दाराच्या चौकटीला टेकून, जरा नवल वाटल्यासारखी, आपल्याशीच म्हणाली, "बरी गात होते की हो मी."

"फार सुंदर," मी म्हटलं. "फार सुंदर गायचीस तू. कायमच."

तिनं माझ्याकडे बघितलं.

"आता सांगताय होय?"

पुढे काही बोलली नाही. डॉक्टरांनी आवाज जपायला सांगितलाय.